दिंडी गेल्यानंतरचं पटांगण



मी फलटण तालुक्यातल्या एका गावची. ज्ञानोबा माउलींची पालखी आमच्या वाटेने पंढरपूरला जाते. पालखी जवळ आली की शाळेला सुट्टी, कारण वर्गांमध्ये दिंड्या उतरायच्या. एरवी आम्ही जिथे पाढे म्हणायचो तिथे रात्री टाळ-मृदंग घुमायचा. आई भाकरीची चवड घेऊन निघायची आणि मी तिच्या मागे पाण्याची कळशी घेऊन. ते आठवलं की आजही माझा गळा दाटून येतो.

पण दोन दिवसांनी शाळेची घंटा व्हायची, तेव्हाचं पटांगणही मला आठवतं. शाळेमागच्या बांधाकडे पाऊल टाकवत नसे. हौदातलं पाणी गढूळ झालेलं असे. त्या आठवड्यात माझ्या बाकावरच्या मैत्रिणी एकेक करून जुलाबाने आजारी पडायच्या. कुणाच्या भक्तीत खोट नव्हती. मात्र हजारो माणसं मुक्कामाला येतात तेव्हा पहाटे ती जाणार कुठे, हे ना दिंडीने विचारात घेतलं होतं, ना गावाने.

आता पालखीच्या मुक्कामावर फिरत्या शौचालयांच्या रांगा लागतात. पहाटे अंधारात स्वयंसेवक उभे राहून वारकऱ्यांना तिकडे वळवतात. मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. टाक्या बसवणं, पाण्याचे टँकर पोचवणं ही कामं सरकार करू शकतं, हे मी हाताने करून पाहिलंय. पण जन्मभर उघड्यावर गेलेल्या सत्तरीच्या आजीने त्या दारातून आत जावं, हे सरकारी फलकाने होत नाही. विणेकरीबुवांनी हात जोडून सांगितलं तर ती ऐकते.

हे आपल्याला फार आधी एका माणसाने दाखवून दिलं. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म 1876 चा. गावात शिरले की आधी हातात खराटा. दिवसभर रस्ते आणि गटारं झाडायची, रात्री त्याच चौकात कीर्तन. ज्याच्या दारातली घाण बाबांनी उचलली तो कीर्तनाला बसला की मान खाली घालायचा. स्वतः शाळेची पायरी चढले नव्हते, तरी लोकांना विनवत राहिले की पोटाला चिमटा घ्या, पण पोरांना शिकवा. देवळात जाण्यापेक्षा त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंसाठी उभी राहिलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या कामी आली. खराटा आणि पाटी बाबांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या, असं मला नेहमी वाटतं.

मला आज बोलायचंय ते पाटीजवळच्या खराट्याबद्दल. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या आकड्यांप्रमाणे जगातल्या दर तीन शाळांपैकी जवळजवळ एका शाळेत मुलांना साबण-पाण्याने हात धुण्याची साधी सोय नाही. आपल्याकडे शिक्षण हक्काच्या कायद्याने 2009 मध्येच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी शाळेला बंधनकारक केलं. बांधकामं झालीही. पण एका शाळेच्या तपासणीला मी गेले होते, तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कार्यालयात. आठवीतल्या एका मुलीच्या दप्तरात पाण्याची बाटली सकाळी भरलेली, तशीच्या तशी. मी विचारलं, "बाळा, पाणी का पीत नाहीस?" ती म्हणाली, "बाई, प्यायलं की जावं लागतं." पाळीच्या चार दिवसांत ती शाळेतच येत नव्हती.

कुलूप का, तर आत रोज झाडायचं कुणी, हा प्रश्न सुटलेला नव्हता. आपल्या समाजात या प्रश्नाच्या पोटात जात दडलेली असते, हे मी इथे स्पष्ट बोलते. ते काम "त्यांचं" असं ठरवून आपण मोकळे होतो.

ती शाळा ज्या गावात होती, तिथे दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो. काल्याच्या दिवशी वर्गणीतून पैसे उरले. भजनी मंडळातल्या बायकांनी ठरवलं की यंदा मंडपाची झालर नको, शाळेला नळ द्यायचे. नळाचा आराखडा करायला मला बोलावलं. मी मंडळींना गावातल्या मशिदीच्या वजूखान्यात घेऊन गेले. तिथे पाहा, म्हटलं, बसल्या उंचीवर ओळीने नळ, खाली वाहती पन्हळ, पन्नास माणसं एका वेळी हातपाय धुतात आणि चिखल होत नाही. मशिदीची देखभाल करणाऱ्या चाचांनी स्वतः टेप धरून उंची मोजून दिली. पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल इतकी उंची आम्ही धरली. साबण चोरीला जातो म्हणून कांद्याच्या जाळीत वड्या घालून नळाला बांधल्या. जाळीने फेसही चांगला येतो.

आणि कुलूप? मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी पहिल्या सोमवारी पदर खोचून स्वतः आतली फरशी घासली. दुसऱ्या सोमवारी मुख्याध्यापक सर आले. मग शिक्षकांची आणि मोठ्या मुलांची पाळी लागली, आडनाव न बघता. मुलींच्या बाजूला झाकणाचा डबा आणि कपाटात पॅड आले. किल्ली कार्यालयातून निघाली ती परत गेली नाही. तुमच्या गावातही देऊळ आहे, विहार आहे, मशीद आहे, सप्ताह होतो, जयंती होते, उरूस भरतो. त्या प्रत्येकाची वर्गणीची वही असते. माझी विनंती आहे की त्या वहीत एक ओळ शाळेच्या पाण्यासाठी राखा.

कार्यक्रमाआधी मी तुमच्या शाळेचं नळकोंडाळं पाहून आले. सात नळ आहेत, दोन ठिबकतायत, एकाला तोटीच नाही. मी येताना पिशवीत तीन तोट्या, वायसर आणि पाना आणलाय. आज मुक्काम इथेच आहे. उद्या सकाळी आठ वाजता नववी-दहावीतल्या ज्यांना शिकायचंय त्यांनी तिथे यावं. मुलींनी आधी यावं, पाना पहिल्यांदा तुमच्या हातात देणार आहे.