धुक्यातली पांढरी रेघ



फौजेत हवाई छायाचित्रं वाचताना आम्ही आधी सरळ रेघ शोधायचो. निसर्गात ती क्वचितच सापडते. नदी वळते, कडा तुटतो, झाडी विस्कटलेली असते. रेघ सरळ दिसली की माणसाचा हात लागलाय समजायचं: खंदक, रस्ता किंवा छप्पर. कॅमोफ्लाजची जाळी टाकतात ती हीच सरळ कड मोडायला.

आज हे काम संगणक करतो. त्याच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. डांबर ६० आणि त्यावरचा पट्टा २०० असेल, तर मधली उडी म्हणजे कड. १९८६ साली जॉन कॅनी यांनी या उड्यांसाठी दोन मर्यादा वापरल्या. मोठी उडी ठेवायची, अगदी लहान टाकायची, आणि मधली एखाद्या मोठीला जोडलेली असेल तरच ठेवायची.

पण कडेचे सुटे ठिपके म्हणजे रेघ नव्हे. सूक्ष्म कणांचे माग फोटोतून शोधण्यासाठी पॉल हफ यांनी काढलेल्या युक्तीला १९६२ साली पेटंट मिळालं. पुढे सुधारत गेलेली ही पद्धत म्हणजे चक्क मतदान! प्रत्येक ठिपका आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सगळ्या रेषांना एकेक मत देतो. जिला भरपूर मतं, ती रेघ. पट्टा मध्येच पुसला असला तरी उरलेले ठिपके तिला निवडून आणतात.

आता ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणाऱ्या यमुना एक्स्प्रेसवेवर या, जानेवारीच्या पहाटे. गाडीतला कॅमेरा पट्टे शोधतोय. पण धुक्यात ६० आणि २०० मधलं अंतर मिटत जातं. उडी लहान झाली की ठिपकेच गळतात. मग मतं कोण देणार? मर्यादा खाली आणावी, तर भेगा आणि टायरचे डागही मतदानाला उभे राहतात. हा रस्ता काँक्रीटचा. त्याचे सांधेसुद्धा सरळच! मतमोजणी चोख होते, पण निवडून येतो भलताच.

सरळ रेघ कुठे आहे, एवढंच हे गणित सांगतं. ती कशाची आहे, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून धुक्यात पडद्यावर रेघ ठळक दिसली तरी वेग ठेवा तो काचेपलीकडे जेवढं दिसतं तेवढ्याच हिशेबाने.

जय हिंद.