रकाना कोणी आखावा?



पाहणीचा तक्ता कसा सुधारावा, हा माझा आजचा विषय आहे. विषय कोरडा आहे हे मी जाणतो. परंतु पूर येतो, उभे पीक बुडते, आणि भरपाईच्या यादीत आपले नाव आहे की नाही असा प्रश्न उभा राहतो, तेव्हा हाच कोरडा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या कुरुंदवाडकरांना हे निराळे सांगावयास नको. जे कागदावर नाही, ते सरकारच्या लेखी शेतातही नाही. म्हणून कागदावरचे रकाने कोण आखतो, याची चौकशी आपण केली पाहिजे.

प्रथम प्रश्न विचारण्याविषयी थोडेसे. १८८० साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी तयार केली. कामाचे तास, मजुरी, अपघात, संप, काही म्हणून सोडले नाही. एका नियतकालिकाने ती छापली, हजारो प्रती वाटल्या गेल्या. उत्तरे मात्र फार थोडी आली. कामगाराच्या श्रमाचा ज्याने एवढा विचार केला, त्यानेही दिवसभर राबून घरी आलेल्या माणसापुढे शंभर प्रश्न ठेवले! हेतू शुद्ध असला म्हणजे तक्ता आपोआप चांगला होतो, असे नाही.

शेजारच्या इचलकरंजीचे उदाहरण घ्या. यंत्रमागावर विणकाम करणाऱ्याची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते आणि आठवड्याने हाती पडते. त्याला ‘मासिक पगार किती?’ असे विचारा. तो घटकाभर घुटमळतो आणि काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. आकडा रकान्यात नेमका बसतो, वरच्या कचेरीत त्याची सरासरीही निघते. पण मूळ आकडाच हवेतला असतो. ‘गेल्या आठवड्यात हाती किती आले?’ असे विचारा, म्हणजे तोच माणूस रुपयांनिशी उत्तर देतो. कामगार संघटनेच्या कामात हा अनुभव नित्याचा आहे. उत्तर चुकले की आपण उत्तर देणाऱ्याला अडाणी म्हणतो. बहुधा चुकलेला असतो तो प्रश्न.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. सात-बारा उताऱ्यातील बारा म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. ही नोंद पूर्वी तलाठी करीत. एका तलाठ्याकडे अनेक गावे, आणि पाहणी चावडीत बसूनच होते ही तक्रार जुनी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवावे, शेतात उभे राहून छायाचित्र काढावे, अशी ती योजना. कल्पना उत्तम, पाहणारा आणि पिकवणारा एकच झाला. परंतु त्या वेळी आपल्या शिरोळ तालुक्यातून जुलैचा महापूर नुकताच ओसरला होता. शेतात चिखल आणि हातात मोबाईल, अशी ती परीक्षा होती. ज्याच्याकडे तसा मोबाईल नव्हता, त्याला शेजाऱ्याचा मागावा लागे.

पहिल्या वर्षी शेतकऱ्यांच्या अडचणी आणि सूचना पुढे आल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्या ॲपची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातील फरक ध्यान देऊन पाहण्यासारखे आहेत. भरलेली माहिती चुकली तर ४८ तासांत एकदा आपली आपणच दुरुस्त करण्याची सोय आली. मिश्र पिकाच्या रानात दोनऐवजी तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. छायाचित्र काढताना आपण आपल्या गटापासून दूर असलो, तर तसा इशारा मिळू लागला. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानावी आणि तलाठ्याने त्यांपैकी १० टक्के तपासावी, असे ठरले. गावातील सर्वांची नोंद सर्वांना पाहता येऊ लागली.

यातील प्रत्येक सुधारणेचे मूळ रानात आहे. ज्याने उसात हरभरा किंवा भुईमूग घेतलेला पाहिला नाही, त्याला दुय्यम पिकाचा रकाना कमी पडतो हे कचेरीत बसून सुचणार नाही. ज्याच्या बोटाने भलतेच पीक निवडले गेले, त्यालाच दुरुस्तीच्या सोयीची किंमत कळते.

मग सुधारणेची रीत कोणती? तक्ता भरणाऱ्याच्या शेजारी बसावे आणि गप्प राहावे. ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास आपला माणूस भिडेपोटी ‘बरे आहे’ म्हणतो. त्याचे बोट कोठे थांबले, कोणता शब्द त्याने दोनदा वाचला, कोठे त्याने मुलाला हाक मारली, हे पाहावे. नंतर शेतकरी, तलाठी, कृषी सहायक आणि संगणकाचा जाणकार यांनी एका सतरंजीवर बसावे. तलाठ्याला कायदा ठाऊक, जाणकाराला यंत्र ठाऊक, शेतकऱ्याला रान ठाऊक. एकट्याच्या तक्त्यात उरलेल्यांचे अज्ञान छापले जाते. आणि सर्वत्र लागू करण्याआधी थोड्या जागी चाचणी घ्यावी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी १९३७ पासून अशीच लहान क्षेत्रावर सुरू केली आणि वर्षावर्षाने वाढवीत नेली. एवढा मोठा संख्याशास्त्रज्ञ. पण त्यानेही एकदम उडी घेतली नाही.

२०२४ च्या खरिपापासून राज्यात केंद्राच्या पद्धतीची डिजिटल पीक पाहणी आली, आणि ज्यांची नोंद राहून गेली त्यांच्यासाठी सहायक नेमण्याची तरतूद झाली. हेही स्वागतार्ह आहे.

तरीसुद्धा एक गोष्ट या सुधारणांच्या बाहेर राहते. ॲपमध्ये नाव निवडायचे ते खातेदाराचे. जी बाई जन्मभर भांगलण करते आणि जिचे नाव सात-बारावर नाही, जो वाट्याने रान करतो, बीडहून जी जोडपी उसाच्या तोडणीला येतात, त्यांनी पीक उभे केले वा तोडले. पण या नोंदीत ती कोठेच नाहीत. पिकाच्या तक्त्यात माणसांची गणती कशी करावी, असे कोणी विचारील. करू नका. परंतु भरपाईचा पैसा या नोंदीच्या आधाराने वाटला जाणार असेल, तर पुराने ज्यांची मजुरी बुडवली त्यांच्यासाठी दुसरा तक्ता हवा, आणि तो आखताना त्या सतरंजीवर त्यांनाही जागा हवी. शेजाऱ्याला दुय्यम पिकाचा रकाना मिळाला तो त्याने अडचण सांगितली म्हणून. मजुराची अडचण ऐकायला अजून कोणी त्याच्या शेजारी बसले नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी पाहणीवाला दारात आला, तर उत्तर देण्यापूर्वी तक्ता पाहून घ्या. आपली गोष्ट त्यात बसत नसेल, तर खोटा आकडा भरून मोकळे होऊ नका. ‘या रकान्यात आमचे जिणे बसत नाही’ असे सांगा आणि तसे लिहून घ्या.