साथ, वार्ता आणि सावधानता



साथ येते तेव्हा समाजात रोग पसरतो आणि त्याची वार्ताही पसरते. या दोहोंची गती मात्र क्वचितच सारखी असते. पुण्याच्या अनुभवावरून हे स्पष्ट होईल.

११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्वाईन फ्लू, म्हणजे एच१एन१ विषाणूची साथ, ही जागतिक महामारी असल्याचे घोषित केले. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचे निधन झाले. या रोगाचा तो देशातील पहिला बळी. त्यानंतर दूरचित्रवाहिन्यांवर अहोरात्र दुसरा विषय नव्हता. शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली, मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला. साध्या पडशाचे रुग्णही भयाने तपासणी केंद्रांसमोर रांगा लावून उभे राहिले. जेथे संसर्गाची शक्यता अधिक, तेथेच भीतीने माणसांना एकत्र आणले.

भीतीचे याहून दारुण रूप इजिप्तमध्ये दिसले. एप्रिल २००९ मध्ये, त्या देशात एकही रुग्ण आढळला नसताना, शासनाने सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. रोग पसरत होता माणसाकडून माणसाला. पण नावात 'स्वाईन' होते, एवढे कारण पुरले. जून महिन्यात तेथे पहिला रुग्ण आढळलाच. कैरोचा ओला कचरा हीच डुकरे खात असत. ती नाहीशी होताच रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. अविचारी भय निरपराध जिवांचा बळी घेते आणि आरोग्यही राखत नाही, याचा हा दाखला आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. शासकीय आकडेवारीनुसार भारतात २००९ साली या रोगाने ९८१ जण दगावले. २०१० साली ही संख्या १,७६३ झाली. २०१५ साली ती २,९९० वर गेली. ज्या वर्षी भय सर्वाधिक होते, त्या वर्षी मृत्यू या तीन वर्षांत सर्वांत कमी होते! यात वृत्तपत्रांना दोष देणे उचित होणार नाही. तपासणी कोठे होते, औषध कोठे मिळते, हे त्यांनीच घरोघरी पोहोचवले. परंतु जे नवे, त्यालाच वार्ता म्हणतात. पहिला मृत्यू ही ठळक बातमी असते. हजारावा मृत्यू बहुधा आतल्या पानावरचा आकडा ठरतो. बातमी पाहून सावध होणारा माणूस बातमी ओसरताच गाफील होतो. विषाणूला मात्र मथळे वाचता येत नाहीत.

आपल्या परंपरेत 'अप्रमाद' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. भय हा अप्रमाद नव्हे, कारण भयभीत मनाचा विवेक सुटलेला असतो. अप्रमाद म्हणजे अखंड जागरूकता. कोलाहलात ती ढळत नाही आणि शांततेत ती झोपी जात नाही.

व्यवहारात ती आणणे कठीण नाही. साथीची बातमी समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. हे कोण सांगत आहे? रोग नेमका पसरतो कसा? आणि मला आज काय करावयाचे आहे? ज्या बातमीतून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, ती पुढे पाठवण्याची घाई करू नये. शिंकताना-खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हात साबणाने धुवावेत, ताप असता घरी राहावे. गर्भवती, वृद्ध व मधुमेही यांनी ताप अंगावर न काढता वैद्यकीय सल्ला घ्यावा. या रोगावरील ऑसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. हे नियम साथीच्या वर्षापुरते नाहीत. २००९ चा तो विषाणू आजही हंगामी फ्लूच्या रूपाने आपल्यात आहे.

२०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा याच धड्यांची पुन्हा परीक्षा झाली. पुढेही साथी येतील. त्या वेळी आपल्या घरातील वृद्धांना व बालकांना घाबरलेल्या माणसांचा उपयोग होणार नाही. जागरूक माणसांचा होईल. ती जागरूकता बातम्या शांत असतानाच अंगी बाणवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.