इमारतीचे प्रगतिपुस्तक
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाचे प्रगतिपुस्तक घरी आले म्हणजे तुम्ही काय करता? नुसते या वेळचे गुण पाहून थांबत नाही. मागच्या चाचणीत गणितात किती होते आणि आता किती आहेत, हे पाहता. तीन वेळा त्याच विषयात मूल मागे पडले तर मास्तरांना भेटता. शिकवणी लावली असेल तर तिचा उपयोग काय झाला, असेही विचारता. ज्या इमारतीत तुमचे मूल दिवसातले पाच-सहा तास बसते, तिचेही असे प्रगतिपुस्तक असावे आणि ते तुम्ही वाचावे, एवढेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

माझी नोकरी बांधकामावर देखरेख करण्यात गेली. त्या काळातली एका शाळेची हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या एका वर्गाची गच्ची दर पावसाळ्यात गळत असे. दरवर्षी तपासणी होई, ‘गळती आढळली, दुरुस्ती करून घेतली’ असा शेरा पडे आणि ठेकेदाराचे बिल मंजूर होई. अशी चार वर्षे गेली. चारपैकी दोन शेऱ्यांखाली माझीच सही होती. पुढे हिशेब तपासणीसाठी एका कारकुनाने चारही कागद एकत्र लावले, तेव्हा उमगले की वर्ग तोच, कोपरा तोच आणि ठेकेदारही तोच. पाणी वाहून जायला गच्चीला उतारच नीट नव्हता. वरून सिमेंटचा लेप देऊन तो रोग बरा होणार नव्हता. चार बिलांच्या बेरजेत नवा उतार करून झाला असता.

माझी चूक कोणती झाली? तपासणी मी केली होती. पण मागचा कागद पुढच्या कागदाशेजारी ठेवून कधी वाचला नव्हता. एक अहवाल इमारतीची त्या दिवसाची स्थिती सांगतो. चार अहवाल ओळीने लावले की ते काम करणाऱ्याची आणि करवून घेणाऱ्याचीही पारख करतात.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतच तो केंद्रबिंदू होता. धक्का सोलापुरालाही जाणवला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. तिथली घरे जाड दगडी भिंतींची. दगड मातीत बसवलेले आणि वर मातीचे माळवद. माळवद गळू लागले की त्यावर मातीचा आणखी एक थर टाकायचा, ही आपल्या मुलखाची जुनी रीत. त्या-त्या वर्षापुरता तो शहाणपणाचाच उपाय होता. पण वर्षानुवर्षांच्या थरांची बेरीज कोणी ठेवली नाही. छत जड होत गेले, भिंती तशाच राहिल्या आणि धक्का बसताच तो सगळा भार माणसांच्या अंगावर आला.

त्याच भूकंपानंतरची दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. जी घरे उभी होती, त्यांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी सरकारने मदत दिली. ती एकरकमी दिली नाही, हप्त्याहप्त्याने दिली. एका टप्प्याचे काम पाहिल्यावर पुढचा हप्ता. कामावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घरमालकावरच होती. गावोगाव महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या आणि त्यांनी लोकांना हे काम समजावून दिले. इंजिनिअर नसलेल्या माणसालाही काम नीट झाले की नाही हे पाहता येते. काय पाहायचे ते मात्र आधी ठरलेले असावे लागते.

तुम्ही म्हणाल, शाळेसाठी सरकारी नियम आहेतच. आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी अशी यादी दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, असेही त्यात आहे. परंतु हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. २०२५ साली दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयात काहीही ठरो, गळणारे छत कोणत्या संस्थेचे आहे हे पाहून गळत नाही. सक्ती कमी असेल तिथे आपली नजर अधिक हवी.

पाहायला साधनेही आहेत. यू-डायसच्या वार्षिक माहितीत प्रत्येक शाळेला आपले किती वर्ग चांगले, कितींना किरकोळ आणि कितींना मोठी दुरुस्ती हवी, हे भरावे लागते. शाळेचा अकरा अंकी क्रमांक घेऊन तिची सार्वजनिक नोंद कोणालाही पाहता येते. लागोपाठ तीन वर्षांची नोंद काढा. मोठ्या दुरुस्तीचे वर्ग तितकेच राहिले असतील तर कारण विचारा. आगीपासून बचावाची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे, असे महाराष्ट्राचा २००६ चा कायदा सांगतो. तो कागदही याच वहीत लावावा.

आता वही कशी ठेवावी ते सांगतो. दोनशे पानांची साधी वही पुरे.

पहिली गोष्ट, दर वेळी त्याच जागा त्याच क्रमाने पाहाव्यात. वर्गांना, कोपऱ्यांना, नळांना क्रमांक द्यावेत.

दुसरी, शब्दांऐवजी माप लिहावे. ‘भिंतीला तडा आहे’ याने काही कळत नाही. तडा जिथे संपतो तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालावी. पुढच्या खेपेला तो रेघेपलीकडे गेला की नाही ते दिसते. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, त्याबरोबर भिंतीही हलतात. म्हणून मेअखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा तपासणी व्हावी. सोलापूरचा जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो, हे विसरू नये.

तिसरी, प्रत्येक दोषापुढे तीन तारखा असाव्यात: दिसल्याची, कळवल्याची आणि दुरुस्त झाल्याची. दुरुस्ती पाहून सही करणारा माणूस दुरुस्ती करणाऱ्याहून वेगळा असावा. गच्चीच्या कामात बिलातला काही हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा.

चौथी, वर्षाखेरीस मोजणी करावी. किती दोष आढळले, दुरुस्तीला सरासरी किती दिवस लागले आणि दुरुस्त झालेले किती दोष परत आले? माझ्या मते तिसरा आकडा सर्वांत बोलका असतो. परत आलेला दोष दुरुस्त झालेलाच नव्हता.

हीच रीत पाण्याच्या टाकीला, पंख्यांना आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीला लावा. कडी तुटली तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्यांच्या आयांना ठाऊक आहे. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर आपण सोलापूरकरांनी वर्षे काढली. साठवलेल्या पाण्याची टाकी कधी धुतली याची तारीख म्हणूनच मोलाची.

एक इशाराही द्यायला हवा. ही वही शिपायाला किंवा मुख्याध्यापकांना रागावण्यासाठी वापरू नका. तसे केले की दुसऱ्याच वर्षी सगळीकडे ‘ठीक आहे’ असे शेरे दिसू लागतील. जिथे बारा महिने सगळे ठीक आहे, तिथे बहुधा कोणी पाहिलेलेच नसते. पहिल्या वर्षी दोषांची संख्या वाढली तर घाबरू नका. पाहणे सुरू झाले, एवढाच तिचा अर्थ.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचेही यात काम आहे. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. वरून खडे पडताहेत असे मुलांनी आधी सांगितले होते, अशी हकीकत वृत्तपत्रांत आली. मुलाचे बोलणे हवेत विरते, वहीतली तारखेची ओळ टिकते. म्हणून प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरला वहीत नोंद करण्याची मुभा असावी. वर्षाच्या आकड्यांचा आलेख नववीच्या मुलांनी काढावा. गणिताचा असा उपयोग पुस्तकात सहसा सापडत नाही.

शेवटी माताभगिनींना एक सांगायचे आहे. तुमच्यापैकी अनेकींनी बिड्या वळून मुलांना शिकवले. तुमच्या हातची बिडी कारखान्यात गेली की तिची छाट निघते. तिथे डोळा चुकत नाही, कारण मजुरी तिच्यावर ठरते. यंत्रमागावरच्या भावांची चादरही अशीच तपासली जाते. रोज दुसऱ्यांच्या तपासणीला उतरणारी माणसे आपण. मुलांच्या डोक्यावरचे छत वर्षातून दोनदा तपासायला आपल्याला नवी विद्या शिकावी लागणार नाही. ही इमारत अनेकांच्या घामाच्या पैशांतून उभी राहिलेली अमानत आहे. पुढच्या पालक सभेत मुलाच्या प्रगतिपुस्तकाबरोबर इमारतीचेही मागा, आणि मागचे पान उलटून पाहिल्याशिवाय सही करू नका.