गिऱ्हाईक, दुकानदार आणि कृतज्ञता
(संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संस्थेने आम्हांला विषय दिला तो संकटकाळातील लहान व्यावसायिकांची चिकाटी आणि कृतज्ञता असा. विषय चांगला आहे. परंतु बोलण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. पाऊस असो, संप असो की साथ असो, महिना संपला की आमचा पगार खात्यात जमा होतो. २०२० च्या टाळेबंदीतही तो जमा झाला. ज्याचा गल्ला त्या काळात महिनोन्‌महिने उघडलाच नाही, त्याला आम्ही चिकाटीचे धडे द्यावेत हे शोभणारे नाही. म्हणून उपदेश बाजूला ठेवून, काउंटरच्या अलीकडे बसून जे पाहिले तेवढेच सांगणार आहोत.

लहान व्यावसायिक म्हटले की भाजीवाला, चहावाला, चांभार, शिंपी, न्हावी डोळ्यांसमोर येतात. ते तर आहेतच. पण आपल्या समाजात आणखी एक वर्ग आहे, ज्याला आपण व्यावसायिक म्हणून मोजतच नाही. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, भीमा कोरेगावला आणि १४ एप्रिलला चौकाचौकांत जमिनीवर कापड अंथरून पुस्तके, मूर्ती, तसबिरी, पंचशील ध्वज, बिल्ले आणि दिनदर्शिका विकणारी ही माणसे. आपण त्यांना कार्यकर्ते समजतो. त्यांतले काही आहेतही. परंतु त्यांच्या घरची चूल त्याच कापडावरच्या विक्रीवर पेटते, हे आपण लक्षात घेत नाही.

या धंद्याचे गणित इतरांपेक्षा निराळे आहे. भाजीवाल्याचा एक दिवस बुडाला तर दुसरा दिवस असतो. यांचे वर्ष मोजक्या दिवसांवर उभे असते : १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर आणि १ जानेवारी. एरवी गावोगावच्या कार्यक्रमांतून थोडाफार माल खपतो, पण भांडवल सुटते ते याच दिवसांत. माल मात्र आधी भरावा लागतो. प्रकाशकाकडून पुस्तके उधारीवर, मूर्तिकाराकडे निम्मे रोख निम्मे नंतर, आणि प्रेसवाल्याचे बिल परत आल्यावर. पुस्तक यंदा नाही खपले तर पुढच्या वर्षी खपेल. दिनदर्शिकेचे तसे नाही. ती टोमॅटोसारखी नासते. जानेवारी उलटला की अर्ध्या किमतीतही कुणी घेत नाही आणि मार्च उजाडला की ती रद्दी होते.

आता २०२० साल आठवा. १४ एप्रिलचा माल मार्चमध्ये भरला जातो. त्या वर्षीही भरला गेला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. जयंती घरात साजरी झाली. ७ मेची बुद्ध पौर्णिमा घरात. २५ ऑक्टोबरला दसरा आला, दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा रद्द. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे असे शासनाने आवाहन केले आणि लोकांनी ते मानले. १ जानेवारी २०२१ ला भीमा कोरेगावसाठीही तेच आवाहन. ज्यांनी २०२१ च्या दिनदर्शिका छापून घेतल्या त्यांचे गठ्ठे घरातच राहिले. त्यानंतर सर्वांचा डोळा १४ एप्रिल २०२१ कडे लागला, तर नेमके त्याच दिवशी रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध सुरू झाले. वर्षभरात येणारे सगळे हंगाम ओळीने गेले. शेतकऱ्याचे एक पीक गेले तरी पंचनाम्याला तलाठी येतो. पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्याच्या पंचनाम्याला कोण येणार?

आपण त्या काळात समाज म्हणून जी शिस्त दाखविली तिचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या शिस्तीचा खर्च कुणी भरला हेही एकदा पाहिले पाहिजे. आपण घरी बसून अभिवादन केले, आपला पैसा वाचला. विक्रेत्याने घरी बसून अभिवादन केले आणि वर्षाचे उत्पन्न घालविले.

मग ही माणसे टिकली कशी? अमुक एका योजनेमुळे टिकली असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. आमच्या पाहण्यात आले ते असे. सर्वांत आधी घरातली पिग्मी मोडली. पतसंस्थेचा एजंट रोज वीस-पन्नास रुपये नेतो, ती ठेव मुदतीपूर्वी काढली गेली. मग भिशी. मग पत्नीच्या गळ्यातले. आमच्या सोने तारण काउंटरवर त्या पावसाळ्यात ज्या रांगा लागल्या त्यांत पुरुष अर्ज भरीत होते आणि बाया दागिना काढून देत होत्या. चिकाटीचे सत्कार होतात तेव्हा शाल पुरुषाच्या खांद्यावर पडते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

काहींनी माल बदलला. तसबिरीची चौकट बनविणाऱ्याने भाजीची गाडी लावली, कारण भाजीला परवानगी होती. झेंडे शिवणाऱ्या भगिनींनी त्याच मशीनवर मास्क शिवले. सलूनवाल्यांना २८ जून २०२० पासून केस कापण्याची परवानगी मिळाली, दाढीची नाही; तोवर त्यांच्यातले कित्येक गावी शेतमजुरीला गेले होते. आणि काहींनी धंदा कायमचा बंद केला. त्यांची चिकाटी कमी पडली असे कुणी म्हणू नये. कर्ज वाढत असताना दुकान वेळीच बंद करायला कधीकधी दुकान चालविण्याहून अधिक धैर्य लागते.

कर्जाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण ते आमचे रोजचे काम आहे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. लोकांमध्ये समज असा पसरला की सहा महिने माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. पन्नास हजार बाकी आणि शेकडा बारा व्याज धरले तर महिन्याचे पाचशे, म्हणजे सहा महिन्यांचे तीन हजार. त्या व्याजावरचे व्याज आकारू नये असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. मूळ व्याज द्यावेच लागले. ज्यांना थोडेफार भरणे शक्य होते आणि ज्यांनी ते भरले, ते पुढे सुखी झाले.

१ जून २०२० ला फेरीवाल्यांसाठी पंतप्रधान स्वनिधी योजना आली. तारण नाही, पहिले कर्ज दहा हजार, फेड वर्षभराच्या मासिक हप्त्यांत, वेळेवर फेडल्यास व्याजात शेकडा सात सवलत आणि पुढचे कर्ज वीस हजारांचे. दहा हजार ही रक्कम आपल्यातल्या सुशिक्षितांना हास्यास्पद वाटली. पण बाजारातली रीत ज्याला ठाऊक आहे तो हसणार नाही. सकाळी हजार म्हणून नऊशे हातात द्यायचे आणि संध्याकाळी पुरे हजार वसूल करायचे, अशी ती रीत. दिवसाला शंभर म्हणजे तीनशे दिवसांत तीस हजार रुपये, आणि तेही नऊशेच्या भांडवलावर! स्वतःचे दहा हजार हातात आले की हा शंभराचा फास सुटतो. सुटलेला आम्ही पाहिला आहे.

आता कृतज्ञतेकडे येतो. कर्ज मंजूर झाले की ही मंडळी शाखेत पेढे घेऊन येतात. आमच्यासारख्या कारकुनापुढे हात जोडतात. साहेब, तुमचे उपकार झाले, म्हणतात. त्यामागची भावना निर्मळ असते, हे मान्य. तरी आम्हांला ते पाहवत नाही. बँकेतला पैसा ठेवीदारांचा, योजना शासनाची, पात्रता त्याची स्वतःची, फेडणारही तोच. मग उपकार कुणाचा? रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार पाहणी पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत जुन्या फेरीवाल्याला उठविता येत नाही, आणि नगर विक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. हे ज्याला माहीत नसते तो गाडी न उचलल्याबद्दलही आभार मानतो आणि कधीकधी त्या आभाराची किंमतही मोजतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आयरिश देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल यांचा दाखला देऊन कृतज्ञतेची मर्यादा सांगितली होती. आपला सन्मान गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, असा त्याचा आशय. ते राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी बोलत होते, पण काउंटरवर जोडलेले हात पाहिले की आम्हांला तेच आठवते.

आणि बाबासाहेबांना गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाचा अनुभव होता. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. ज्ञान होते, सल्ला अचूक होता. जात कळली आणि गिऱ्हाईक थांबले. पेढी बंद करावी लागली.

याउलट कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचे. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या प्रोत्साहनाने त्यांनी नोकरी सोडून भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले. चहा चांगला, दुकान स्वच्छ, पण पिणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले, तेथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही तो घ्यायला लावू लागले. ही गोष्ट आपण नेहमी महाराजांच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि सांगितलीच पाहिजे. पण दुकानदाराच्या बाजूनेही ती पाहावी. महाराज कोल्हापूरचे छत्रपती. थैली देऊन मोकळे होणे त्यांना कठीण नव्हते. ते गिऱ्हाईक झाले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, आणि पुढे कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी. आम्हांला कृतज्ञतेचा हा हिशेब बरोबर वाटतो. एकाने चहा विकत घेतला, दुसऱ्याने तो प्यायला येणारा माणूस विसरला नाही, आणि कुणाची मान खाली गेली नाही.

आपण गिऱ्हाईक म्हणून कसे वागतो, ते आता पाहू. मॉलमध्ये छापील किंमत देतो आणि चैत्यभूमीबाहेर साठ रुपयांचे पुस्तक चाळीसला मागतो, वर समाजकार्याचा दाखला देतो. पुस्तकाची फाइल मोबाईलवर आली की ती शंभर जणांना पाठवून ज्ञानदान केल्याचे समाधान मिळवितो. ज्याने ते पुस्तक पोत्यात घालून रेल्वेने मुंबईला नेले त्याचा विचार करीत नाही. जयंतीचे मंडप, वाद्ये, झेंडे यांची बिले तर विचारूच नका. मंडळाचा अध्यक्ष बदलतो आणि जुनी बाकी अनाथ होते. मंडपवाला पुढच्या वर्षी पुन्हा येतो, कारण त्याला याच वस्तीत राहायचे असते. आपण त्याला चिकाटी म्हणतो. तो नाइलाजही असू शकतो.

सगळे असेच वागतात असे नाही. टाळेबंदीत एका शिक्षकांनी न्हाव्याला तीन महिन्यांचे केस कापण्याचे पैसे आगाऊ दिले होते, हे आम्हांला त्या न्हाव्यानेच पासबुक भरताना सांगितले. एका प्रकाशकाने न खपलेली पुस्तके परत घेतली आणि उरलेल्या बाकीसाठी वर्षभर फोन केला नाही. ज्याची पुस्तके परत घेतली त्याने २०२२ च्या १४ एप्रिलला पहिल्या दिवसाच्या विक्रीतून ती बाकी भरली. आमच्याच शाखेतून रक्कम गेली म्हणून माहीत.

शेवटी कामाचे. स्वनिधी योजनेची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये वाढवून ३१ मार्च २०३० पर्यंत करण्यात आली असून पहिले कर्ज आता पंधरा हजार, दुसरे पंचवीस हजार आणि तिसरे पन्नास हजारांचे आहे. पालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र, ते नसल्यास शिफारसपत्र, आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक लागतो. नव्वद टक्के अडचण त्या मोबाईल क्रमांकाचीच असते. जुने सिम हरवलेले असते. आम्ही बँकेतले चौघेजण पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा या सभागृहात अर्ज भरून देण्यासाठी बसणार आहोत. पेढे आणू नयेत. आणि ज्या मंडळांकडे मंडपवाल्यांची, वाजंत्रीवाल्यांची जुनी बाकी आहे, त्यांच्या खजिनदारांनीही त्याच वेळी यावे, म्हणजे दोन्ही बाजूंची वही एकाच टेबलावर उघडता येईल.

जयभीम.