मुलांसाठी एक खोली, एक दिवा आणि एक हिशेबाची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी कोल्हार येथे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आज विहाराचा वर्धापनदिन. रंगरंगोटी झाली, पंचरंगी ध्वज लागला, खिरीचा वास सुटलाय. आनंद आहे. पण मला एक प्रश्न विचारायचा आहे. राग मानू नका. वंदना झाल्यावर विहाराला कुलूप लागतं ते पुन्हा कधी उघडतं? आणि त्या वेळात आपली दहावी-बारावीची पोरं कुठं असतात? खुरपणी, कांदा लागण करून माय-बाप दिवेलागणीला घरी येतात. एका खोलीत पाच-सहा माणसं, चूल तिथंच, टीव्ही तिथंच. पोरगं पुस्तक घेऊन बसणार कुठं? मग ते नगर-मनमाड रस्त्यावर जातं, टपरीपाशी उभं राहतं. पुढं काय होतं ते मी सांगायला नको.

पोरांत बुद्धी कमी नाही. जागा कमी आहे, आणि पाठीशी उभं राहणारं माणूस कमी आहे.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत पहिली गोष्ट होती वसतिगृहं काढून शिक्षणाचा प्रसार करणं. दुसरी, वाचनालयं आणि अभ्यासवर्ग चालवणं. ४ जानेवारी १९२५ला सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा भार सभेनं उचलला. सोलापूर नगरपालिकेनं दरमहा चाळीस रुपये अनुदान दिलं. मुंबईत मोफत वाचनालय काढलं. आणि एक गोष्ट आपण विसरतो, हॉकी क्लब काढला! कशासाठी? तर तरुण पोरं जुगार-दारूकडं जाऊ नयेत म्हणून. नुसतं "व्यसन करू नका" असं सांगून भागत नाही, पोरांच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

माता रमाईंची धारवाडची हकिकत आयाबायांना माहीत आहे. बळवंतराव वराळे तिथं वसतिगृह चालवत. धान्य संपलं, अनुदान आलं नव्हतं. मुलं उपाशी आहेत हे कळताच रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. ती पोरं काही त्यांच्या पोटची नव्हती.

आता कुणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. आहेच. शासनाची शिष्यवृत्ती आहे, पुण्यात बार्टी आहे, ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. ती घेतलीच पाहिजे, हक्काची आहे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अर्जाची शेवटची तारीख हे त्या पोराला सांगणार कोण? तालुक्याचा साहेब तुमच्या दारात येऊन सांगणार नाही. ते वस्तीतल्याच माणसाला करावं लागेल, कारण कुणाचं पोर शाळेत जायचं थांबलं हे वस्तीलाच आधी कळतं.

बाहेरची मदतही घ्यावी. त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या लोकांनी 'बहुजन हिताय'च्या नावानं महाराष्ट्रात वसतिगृहं चालवली. त्यांना १९८०च्या दशकापासून विलायतेतल्या करुणा ट्रस्टची मदत होत आली. तो पैसा कसा जमायचा, ऐका. तिथले बौद्ध कार्यकर्ते संध्याकाळी घरोघर जाऊन दार वाजवत, आपल्या मुलांसाठी मागत. परक्या मुलखात परकी माणसं आपल्या लेकरांसाठी दारोदार फिरली! पण काम चालवलं इथल्या माणसांनी. मदत बाहेरची, कासरा आपल्या हातात, हे सूत्र ध्यानात ठेवा. देणाऱ्यानंही हेच जपावं. आमच्या पोरांना काय हवंय हे आधी आम्हाला विचारा.

आता माझी एक चूक सांगतो. तरुणपणी आम्ही मित्रांनी एका गावी वाचनालय काढलं. वर्गणी उत्साहानं जमली. पुस्तकं आली. पण पावत्या फाडल्या नाहीत, वही लिहिली नाही. खिसा माझाच, गल्ला तोच. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण दाखवायला कागद नव्हता. वर्षात कुजबुज सुरू झाली, दोन गट पडले, वाचनालय बंद झालं. पुस्तकं एका घराच्या माळ्यावर वाळवीनं खाल्ली. नुकसान कुणाचं झालं? आमचं नाही, पोरांचं. तेव्हापासून मी म्हणतो, प्रामाणिकपणा मनात असून चालत नाही, तो वहीत दिसला पाहिजे.

म्हणून माझी साधी सूचना आहे. सात माणसं एकत्र या, त्यात तीन तरी महिला असू द्या. संस्था रीतसर नोंदवा, धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेब द्या. नोंदणी आणि ताळेबंद असल्याशिवाय बाहेरचा दाता, कंपनी दारात उभं करत नाही. पण नोंदणीची वाट बघत बसू नका. विहार रोज संध्याकाळी सात ते दहा उघडा ठेवा. चाळीस घरं धरा, महिन्याला पन्नास रुपये, दोन हजार झाले. त्यात विजेचं बिल, काही पुस्तकं आणि कॉलेजात शिकणाऱ्या आपल्याच एखाद्या लेकीला शिकवण्याचं मानधन निघतं. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमा-खर्च मोठ्यानं वाचा. आणि पोरांनाही विचारा. त्यांचे दोन प्रतिनिधी समितीत बसवा.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६च्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितला. पन्नास रुपये म्हणजे त्या विसाव्या भागाचाही लहानसा तुकडा. जयंतीला आपण वर्गणी देतोच की! मिरवणूक एक रात्र चालते. अभ्यासिकेचा दिवा वर्षभर जळतो.

प्रवरेला पाटपाणी आलं आणि रानं ओलिताखाली आली. पण पाणी आपोआप वाफ्यात जात नाही, दारं धरणारा माणूस लागतो. शिक्षणाचंही तसंच आहे. योजना आहेत, देणारे आहेत, दारं धरायला आपण उभं राहायचं आहे.

पुढच्या वर्धापनदिनाला मला भाषणाला बोलावू नका. या सतरंजीवरच्या पोरांपैकी कुणालातरी उभं करा, आणि वर्षभरात या खोलीत काय झालं ते त्याच्या तोंडून ऐका. मी तिकडं मागं बसून ऐकेन.