शाळेतील इतिहास : पाठांतर आणि पारख
(म्हसवड येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आपल्या मेळाव्यात पूर्वजांचे गुणगान व्हावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि आज आम्ही थोड्या निराळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपली मुले सनावळ्या पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि सुटीत विसरतात. अमुक घडले, हे कशावरून म्हणावयाचे, असा प्रश्न त्यांना सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते इतिहासाचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होते.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. 1697 मध्ये संताजी घोरपडे शंभुमहादेवाच्या डोंगरपट्ट्यात मारले गेले. त्यांना मारणारे नागोजी माने आपल्या म्हसवडचे. कारण काय? खाफीखान लिहितो की, संताजींनी नागोजींच्या भावास हत्तीच्या पायी दिले होते, त्याचा हा सूड. दुसऱ्या हकीकतीत तो नागोजींच्या पत्नीचा भाऊ, अमृतराव निंबाळकर, ठरतो. भाऊ की मेहुणा? येथे वर्ग जागा होतो. शिक्षकाने उत्तर सांगू नये, मुलांकडून प्रश्न काढून घ्यावेत. लिहिणारा कोणाच्या पदरी होता? किती वर्षांनी लिहितो? खाफीखान मोगल पक्षाचा, आणि त्याचा ग्रंथ सुमारे तीस-पस्तीस वर्षांनंतरचा. म्हणून त्याची साक्ष जपून घ्यावी. परंतु तोच संताजींचे रणकौशल्य मान्य करतो. शत्रुपक्षाच्या या कबुलीस अधिक वजन का, हे मुलांना सहज उमजते. राजाराम महाराजांची इतराजी आणि धनाजी जाधवांशी आलेले वितुष्ट ध्यानात घेतले, म्हणजे केवळ एका सुडाने सारे उलगडत नाही, हेही कळते.

विषय नाजूक आहे, याची आम्हांस जाणीव आहे. एकाच बाकावर माने आणि घोरपडे आडनावांची मुले बसू शकतात. म्हणून हे प्रकरण गाळण्याचा मोह होतो. पण शाळेने गाळले तरी चावडीवरची चर्चा थांबत नाही. ती पुराव्यावाचून चालते आणि तीन शतकांपूर्वीच्या कृत्याचा जाब आजच्या लेकराला विचारते. पारख शिकलेला मुलगा असा जाब विचारणार नाही, आणि कोणी विचारलाच तर त्याची मान खाली जाणार नाही.

लहान वर्गांत 1972 च्या दुष्काळापासून आरंभ करावा. आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली असेल, सुकडी खाल्ली असेल. तिची आठवण मुलाने टिपून आणावी, शेजारच्या आजोबांच्या आठवणीशी ताडावी, मग त्या कामावरचा बांध स्वतः जाऊन पाहावा. दोन आठवणींत फरक पडला, म्हणजे कोणी खोटे बोलले असे नव्हे, हा धडा त्यास तेथेच मिळेल.

इतिहासाचार्य राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली निघाला, तो आपल्याच जिल्ह्यातील वाई येथे सापडलेल्या कागदांमुळे. आपल्याही माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरे असतील. त्यांच्या नकला शाळेस द्याव्यात, संस्थेने मोडीचा वर्ग चालवावा आणि या स्मरणिकेत छापावयाच्या प्रत्येक वंशावळीखाली तिचा आधार नमूद करावा, एवढी आमची विनंती आहे. मुलांना पारख शिकवावयाची, तर आरंभ आपल्याच घराण्यांच्या कागदांपासून झाला पाहिजे.